ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसा नाकारला: ट्रायब्युनलनंतर कोर्टात जायचं तर

निर्णय हातात आला की कारणं वाचायच्या आधी त्यावरची तारीख बघा. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलने प्रोटेक्शन व्हिसाचा नकार कायम ठेवला, तर कोर्टात अर्ज करायला ३५ दिवस मिळतात आणि ते निर्णयाच्या तारखेपासून मोजले जातात. ईमेल तुम्ही कधी उघडली, एजंटने ती कधी पुढे पाठवली, वकील कधी भेटला, यातल्या कशाचाही त्या मोजणीशी संबंध नाही.

हा लेख ऑस्ट्रेलियात राहून सबक्लास ८६६ चा, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांसाठीच्या कायमस्वरूपी प्रोटेक्शन व्हिसाचा अर्ज केलेल्या आणि दोन पायऱ्यांवर हरलेल्या माणसासाठी, किंवा त्याला मदत करणाऱ्यासाठी आहे. पहिली पायरी गृहखात्याच्या डेलिगेटची, म्हणजे व्हिसाचा निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याची. दुसरी ट्रायब्युनलची. (१४ ऑक्टोबर २०२४ पर्यंत हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनल करायचं, त्यामुळे जुन्या कागदांवर ते नाव दिसेल.) तिसरी पायरी फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया, डिव्हिजन २. नावात फॅमिली असलं तरी इमिग्रेशनचे खटले इथेच चालतात. इथे लिहिलेलं प्रक्रियेबद्दल आहे. तुमच्या कागदांवर सल्ला देणं हे ते कागद वाचलेल्या वकिलाचंच काम.

कोर्ट काय बघतं

बहुतेक अर्ज इथेच फसतात. ट्रायब्युनल तुमची गोष्ट पुन्हा ऐकतं, नवे पुरावे घेतं, डेलिगेटच्या जागी बसून नव्याने ठरवतं. कोर्ट यातलं काही करत नाही. तुम्हाला गावी परत गेल्यावर धोका आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवणार नाहीत. त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो: ट्रायब्युनलने निर्णय देताना कायद्याने दिलेल्या अधिकाराची हद्द ओलांडली का? तिथली भाषा वापरायची तर ज्युरिसडिक्शनल एरर झाली का?

हा शब्द एवढा महत्त्वाचा कसा झाला? १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टच्या कलम ४७४ मध्ये असे निर्णय अंतिम आहेत आणि त्यांना कोर्टात आव्हान देता येणार नाही, असं लिहिलेलं आहे. २००३ मध्ये प्लेंटिफ एस१५७ च्या खटल्यात हाय कोर्टाने म्हटलं की ज्युरिसडिक्शनल एरर असलेला निर्णय कायद्याच्या नजरेत निर्णयच नसतो, म्हणून त्याला या कलमाचं संरक्षण मिळत नाही. शिवाय राज्यघटनेच्या कलम ७५(५) ने हाय कोर्टाला दिलेला अधिकार संसदेला काढून घेता येत नाही. तोच अधिकार मायग्रेशन ॲक्टच्या कलम ४७६ ने खालच्या कोर्टाला दिला आहे. तुमचा अर्ज उभा राहतो तो याच फटीत. (ऑस्ट्रेलियात हाय कोर्ट हे सर्वोच्च न्यायालय आहे. मुंबई उच्च न्यायालयाची सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.)

मग "ट्रायब्युनलने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, पण मी खरं बोलत होतो" हा मुद्दा कितीही खरा असला तरी कोर्टात एकटा टिकत नाही. "ट्रायब्युनलने ज्या कारणाने विश्वास ठेवला नाही, ते कारण मला सुनावणीत सांगितलंच नाही" हा मुद्दा टिकू शकतो. दोन्ही वाक्यं एकाच दुखण्यातून येतात, पण कोर्टाला दुसऱ्यातच काही करता येतं.

दिवसांचा हिशेब

समजा लेखी निर्णयावर ३ मार्च २०२५, सोमवार, ही तारीख आहे. ईमेल ५ मार्चला आली. तुम्ही ती ९ तारखेला वाचली. शेवटचा दिवस ७ एप्रिल. बाकीच्या तारखांनी तो हलत नाही. निर्णय सुनावणीतच तोंडी दिला असेल तर मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. लेखी कारणं नंतर येतील म्हणून थांबलात तर दिवस वाया जातात.

ऑनलाइन दाखल करताना शेवटच्या दिवसाची संध्याकाळ गाठू नका. दुपारी साडेचारनंतर पोचलेला कागद पुढच्या कामकाजाच्या दिवशी आला असं धरलं जाऊ शकतं. चुकीच्या फॉर्ममुळे किंवा शपथपत्रावर सही नसल्यामुळे रजिस्ट्रीने परत पाठवलेला अर्ज तर दाखलच झालेला नसतो. तिसाव्या दिवसापर्यंत अर्ज आत गेलेला असावा. ग्राउंड्स, म्हणजे निर्णयाला आव्हान देण्याचे कायदेशीर मुद्दे, कच्ची असली तरी चालतील, ती नंतर सुधारता येतात. मुदत मात्र अशी सहज सुधारता येत नाही.

३५ दिवस उलटले असतील तर कलम ४७७(२) खाली मुदतवाढ मागता येते. ती लेखीच मागावी लागते, अर्जाच्याच फॉर्ममध्ये, आणि ती देणं न्यायाच्या हिताचं का आहे तेही तिथेच लिहावं लागतं. न्यायाधीश प्रामुख्याने उशीर किती, त्याचं कारण काय, समोरच्या, म्हणजे इमिग्रेशन मंत्र्यांच्या, बाजूचं काही नुकसान होतं का आणि मूळ मुद्द्यात दम आहे का, हे बघतात. चार दिवसांचा उशीर आणि हॉस्पिटलचे कागद असतील तर आशा असते. चौदा महिन्यांचा उशीर आणि "मला माहीत नव्हतं" एवढंच कारण असेल तर फारशी नाही. शपथपत्रात उशिराचा काळ तारीखवार लिहा: कोणत्या दिवशी काय कळलं, कोणाला फोन केला, पैसे कधी जमले. मधले तीन आठवडे रिकामे सोडले तर विरुद्ध बाजूचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

मुदतवाढ नाकारली गेली तर त्यावर वरच्या फेडरल कोर्टात नेहमीचं अपील करता येत नाही. पुढचा रस्ता आणखी अरुंद आणि महाग आहे. म्हणून ३५ हा आकडा फ्रिजवर लिहून लावा.

ट्रायब्युनलकडे जायचंच राहिलं असेल तर

हा सापळा फार जणांना माहीत नसतो. डेलिगेटच्या नकारानंतर ट्रायब्युनलकडे अर्ज करायला साधारणपणे २८ दिवस मिळतात, आणि डिटेन्शनमध्ये असलेल्यांना त्याहून बरेच कमी. ही मुदत चुकली म्हणून "आता थेट कोर्टात जाऊ" असं म्हणता येत नाही. ज्या निर्णयाची फेरतपासणी ट्रायब्युनल करू शकलं असतं, तो या कोर्टाच्या कक्षेबाहेर आहे. मग थेट हाय कोर्टच उरतं, आणि "ट्रायब्युनलकडे का गेला नाहीत?" हा प्रश्न तिथेही तुमची वाट बघत असतो.

एक तपासणी मात्र जरूर करा. डेलिगेटच्या नकाराचं पत्र कायद्याप्रमाणे पाठवलं होतं का? ईमेलने पाठवलेलं पत्र पाठवल्याच्या दिवसाअखेरीस मिळालं असं धरतात, मग ते स्पॅममध्ये पडलेलं का असेना. पोस्टाने ऑस्ट्रेलियातल्या पत्त्यावर पाठवलं असेल तर पत्रावरच्या तारखेपासून सात कामकाजाचे दिवस धरतात. पण ते चुकीच्या पत्त्यावर गेलं असेल किंवा त्यात मुदत नीट सांगितली नसेल, तर कदाचित मुदत सुरूच झाली नसेल. २०१९ च्या डीएफक्यू१७ खटल्यात फेडरल कोर्टाच्या फुल बेंचने पत्रात मुदत इतक्या गुंतागुंतीने मांडली आहे की ती सूचनाच वैध नाही, असं ठरवलं. पत्र फेकू नका, पाकीटही जपून ठेवा.

(अशी अक्षरं-आकड्यांची नावं पुढेही येतील. मायग्रेशन ॲक्टच्या कलम ९१एक्स प्रमाणे प्रोटेक्शन व्हिसाच्या अर्जदाराचं नाव कोर्टाने प्रसिद्ध करायचं नसतं, म्हणून प्रत्येकाला असं टोपणनाव मिळतं. तुम्हालाही मिळेल. गावाकडे कोणी इंटरनेटवर शोधेल या भीतीने कोर्टात जायचं टाळू नका.)

निर्णय कसा वाचायचा

प्रिंट काढा. पहिल्यांदा वाचताना राग येईल, येऊ द्या, आणि एक दिवस ठेवून द्या. दुसऱ्या वाचनाला तीन कागद शेजारी हवेत: तुमचं मूळ लेखी निवेदन, डेलिगेटचा निर्णय आणि सुनावणीचं ऑडिओ रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंग ट्रायब्युनलकडे मागितलं की मिळतं, पहिल्याच आठवड्यात मागा.

आता निवेदनातल्या प्रत्येक दाव्यावर क्रमांक टाका आणि ट्रायब्युनलने त्यावर कुठल्या परिच्छेदात काय म्हटलं ते समोर लिहा. ज्या क्रमांकासमोरची जागा रिकामी राहील, तिथे थांबा.

त्या रिकाम्या जागेतून सगळ्यात नेहमीचं ग्राउंड निघतं: मांडलेल्या दाव्याचा विचारच झाला नाही. २००३ च्या द्रानिच्निकोव्ह खटल्यात रशियातला एक व्यावसायिक म्हणत होता की गुन्हेगारीविरुद्ध जाहीर बोलणाऱ्या उद्योजकांपैकी एक म्हणून मला धोका आहे. ट्रायब्युनलने उत्तर दिलं ते सरसकट रशियातल्या व्यावसायिकांबद्दल. हाय कोर्टाने ही चूक धरली. तुमच्या निर्णयात असंच काही आहे का बघा. "आंतरजातीय लग्नामुळे बायकोच्या भावांकडून जिवाला धोका" असं तुम्ही म्हटलं असेल आणि ट्रायब्युनलने फक्त भारतात आंतरजातीय लग्नं कायदेशीर आहेत एवढंच लिहिलं असेल, तर तुमच्या दाव्याला उत्तर मिळालेलं नाही. मात्र दावा तुम्ही स्पष्ट मांडलेला असावा, किंवा समोरच्या कागदांतून तो उघड दिसत तरी असावा. मनात होता आणि बोललो नाही, हे चालत नाही.

दुसरं ग्राउंड न्याय्य सुनावणीचं. एसझेडबीईएल हा इराणी खलाशी. डेलिगेटने त्याच्या कथेतल्या काही भागांवर शंका घेतलीच नव्हती. ट्रायब्युनलने नेमके तेच भाग अविश्वसनीय ठरवले, आणि सुनावणीत त्याला त्याची कल्पनाही दिली नाही. २००६ मध्ये हाय कोर्टाने तो निर्णय रद्द केला. तुमच्या बाबतीत तपासायचं असं: ट्रायब्युनलने नकार ज्या मुद्द्यावर दिला, तो डेलिगेटच्या निर्णयात होता का? नसेल, तर सुनावणीत त्यावर प्रश्न विचारला का? रेकॉर्डिंग ऐकताना मिनिट आणि सेकंद लिहून ठेवा.

तिसरं, तुमच्याविरुद्ध जाणारी माहिती तुम्हाला न दाखवता वापरणं. दुसऱ्या कोणी पाठवलेलं निनावी पत्र किंवा जुन्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जातला मजकूर हे त्यात येऊ शकतं. अपवादही भरपूर आहेत: देशाच्या सर्वसाधारण परिस्थितीची माहिती, किंवा तुम्ही स्वतः ट्रायब्युनलला दिलेली माहिती दाखवावी लागत नाही. तुमच्याच जबाबातली विसंगती हीसुद्धा बहुतेकदा अशी माहिती ठरत नाही. या ग्राउंडवर घाईने भर देऊ नका.

चौथं, अवाजवीपणा. २०१३ च्या ली खटल्यात, जो प्रोटेक्शनचा नव्हता, कौशल्य-मूल्यांकनाचा सुधारित निकाल येईपर्यंत थांबायला तेव्हाच्या ट्रायब्युनलने नकार दिला होता, आणि हाय कोर्टाने तो नकार अवाजवी ठरवला. डॉक्टरचा अहवाल येणार होता, तुम्ही तारीख वाढवून मागितली आणि काही कारण न देता ती नाकारली गेली असेल, तर हे ग्राउंड बघायला हवं. "निर्णय मला पटला नाही" याला अवाजवीपणा म्हणत नाहीत.

भारतीय अर्जदारांसाठी पाचवा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येतो: देशातच दुसरीकडे राहता येईल. त्रास देणारे बीड जिल्ह्यातले असतील तर ट्रायब्युनल म्हणतं, बेंगळुरूला राहा. इथे दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि त्या मिसळल्या का ते बघायचं. निर्वासित असण्याच्या कसोटीत खरा धोका देशाच्या सर्व भागांत असावा लागतो. पूरक संरक्षणाच्या (निर्वासित न ठरणाऱ्यांसाठीच्या), म्हणजे कलम ३६(२)(एए) च्या कसोटीत मात्र दुसरीकडे जाऊन राहणं या माणसासाठी वाजवी आहे का, हेही तपासावं लागतं. एकटी बाई, दोन लहान मुलं, कन्नड येत नाही, तिकडे ओळखीचं कोणी नाही: हे मुद्दे तुम्ही मांडले असतील तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. २००७ च्या एसझेडएटीव्ही खटल्यात युक्रेनच्या पत्रकाराला दुसरीकडे जाऊन वेगळं काम करता येईल असं ट्रायब्युनलने म्हटलं होतं. पत्रकारिता सोडून गप्प राहायला सांगणं म्हणजे वाजवी स्थलांतर नव्हे, असं हाय कोर्टाने सांगितलं.

चूक सापडली म्हणून काम झालं असंही नाही. ती निकालावर परिणाम करू शकली असती, हेही दाखवावं लागतं. २०२४ च्या एलपीडीटी खटल्यानंतर ही पायरी फार उंच राहिलेली नाही: चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, एवढं पुरतं. पण ट्रायब्युनलने नकाराला दोन स्वतंत्र कारणं दिली असतील आणि तुमची चूक एकाच कारणात असेल, तर दुसरं कारण तुम्हाला बुडवतं. निर्णयात "जरी हे खरं मानलं तरी" अशा अर्थाचं वाक्य शोधा. ते असेल तर दोन्ही कारणं पाडावी लागतील.

आणि निर्णयातल्या एखाद्या सैल शब्दाला धरून बसू नका. १९९६ च्या वू शान लियांग खटल्यापासून कोर्टं सांगत आली आहेत की निर्णय एकसंध वाचायचा, चूक शोधायला भिंग घेऊन नाही.

दुभाषी

मराठी माणसाच्या बाबतीत हा मुद्दा वेगळा लिहावा असा आहे. मराठी दुभाषी उपलब्ध नाही म्हणून हिंदी दुभाष्यावर सुनावणी भागवली जाते, आणि अर्जदार "चालेल" म्हणतो. सुनावणीचा फॉर्म भरतानाच भाषेच्या रकान्यात मराठी लिहा, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असाल तर तेही नमूद करा. समजलं नाही तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आक्षेप ऐकू आला तर पुढे त्याचं वजन पडतं.

एकच शब्द घ्या: "वाळीत टाकणं". भावकीने वाळीत टाकलं, याचा अर्थ गावात काय होतो ते आपल्याला सांगावं लागत नाही. दुकानदार माल देत नाही, विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, मयताला चार माणसं येत नाहीत, मुलीचं लग्न मोडतं. याच प्रकारासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. दुभाष्याने इंग्रजीत "गावकरी आमच्याशी बोलायचे बंद झाले" एवढंच सांगितलं, तर ट्रायब्युनल लिहितं की हा सामाजिक अबोला आहे, गंभीर हानी नाही. तसंच "काका". दुभाषी वडिलांचा भाऊ म्हणतो, अर्जदाराच्या मनात गल्लीतला वयस्कर माणूस असतो, आणि निर्णयात येतं की अर्जदाराने आधी काका नाही म्हटलं, आता आहे म्हणतो.

हे कोर्टात मांडायचं तर "दुभाषी वाईट होता" एवढं उपयोगाचं नाही. रेकॉर्डिंगच्या त्या भागाचा उतारा लागतो: मराठीत काय बोललं गेलं, इंग्रजीत काय सांगितलं गेलं आणि बरोबर भाषांतर काय. हा उतारा नाटी-प्रमाणित (नाटी ही दुभाष्यांना प्रमाणपत्र देणारी ऑस्ट्रेलियातली संस्था), वेगळ्या दुभाष्याकडून करून त्याच्या शपथपत्राला जोडायचा. मग तो चुकीचा भाग निर्णयाच्या कोणत्या परिच्छेदात वापरला गेला ते दाखवायचं. दहा किरकोळ चुकांपेक्षा निकाल फिरवणाऱ्या दोन चुका चांगल्या. मराठी-इंग्रजी प्रमाणित दुभाषी मिळायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज दाखल झाल्याबरोबर शोध सुरू करा. वकिलाशी फोनवर बोलताना दुभाषी हवा असेल तर टीआयएस नॅशनलचा क्रमांक १३१ ४५० आहे.

अर्ज, शपथपत्र, शुल्क

दोन कागद लागतात. एक, मायग्रेशन ॲक्टखालच्या अर्जाचा कोर्टाचा फॉर्म. दुसरा, शपथपत्र, ज्याला ट्रायब्युनलच्या निर्णयाची पूर्ण प्रत जोडलेली असते. पूर्ण म्हणजे सगळी पानं. मोबाइलवर काढलेल्या फोटोतून एक पान गळणं नेहमीचं आहे. शपथपत्रावर जस्टिस ऑफ द पीस किंवा वकिलासमोर सही करायची. बऱ्याच ग्रंथालयांत आणि शॉपिंग सेंटरमध्ये जस्टिस ऑफ द पीस फुकट सही करून देतात. पहिला प्रतिवादी इमिग्रेशनचा मंत्री, दुसरा ट्रायब्युनल. दाखल कोर्टाच्या ऑनलाइन पोर्टलवर होतं.

काय मागायचं? निर्णय रद्द करण्याचा आदेश, आणि ट्रायब्युनलने कायद्याप्रमाणे पुन्हा निर्णय द्यावा असा आदेश. "मला व्हिसा द्यावा" असं लिहू नका, तो अधिकार या कोर्टाला नाही.

ग्राउंड कसं लिहायचं ते दोन नमुन्यांत बघा. वाईट नमुना: "ट्रायब्युनलने माझ्यावर अन्याय केला आणि सर्व पुरावे विचारात घेतले नाहीत." चांगला नमुना, कल्पित तपशिलांसह: "१२ मे २०२३ च्या निवेदनाच्या परिच्छेद १४ मध्ये अर्जदाराने पोलीस पाटलाने तक्रार फाडल्याचा आणि म्हणून पोलीस संरक्षण मिळणार नसल्याचा दावा केला. निर्णयाच्या परिच्छेद ३१ ते ४६ मध्ये पोलीस संरक्षणाची चर्चा आहे, पण या दाव्याचा उल्लेख नाही." दुसऱ्यात न्यायाधीशांना कुठे बोट ठेवायचं ते कळतं. इंटरनेटवर फिरणारी तयार ग्राउंड्स चिकटवू नका. तीच वाक्यं न्यायाधीशांनी आधी पुष्कळ वेळा वाचलेली असतात.

नवे पुरावे जोडायचा मोह होतो: परवा गावाहून आलेला धमकीचा मेसेज, नवी एफआयआर. ट्रायब्युनलसमोर जे नव्हतं त्यावरून ट्रायब्युनलची चूक ठरत नाही. प्रक्रिया कशी झाली याचा पुरावा, म्हणजे रेकॉर्डिंग, ईमेल किंवा त्या दिवशीच्या आजारपणाचे कागद, तेवढा चालतो.

शुल्क जड आहे. २०२१ मध्ये ते ६९० डॉलरवरून ३,३३० डॉलरवर नेलं आणि त्यानंतर वाढतच गेलं. चालू आकडा कोर्टाच्या साइटवर बघा. आर्थिक अडचण असेल तर कमी शुल्कासाठी वेगळा फॉर्म आहे: बँक स्टेटमेंट, घरभाडं, पगारपत्रक जोडा, आणि तो फॉर्म अर्जाबरोबरच पाठवा.

वकील नसेल तरी अर्ज करता येतो, बरेच जण तसाच करतात. पण आधी सिडनीत रेफ्युजी ॲडव्हाइस अँड केसवर्क सर्व्हिस, मेलबर्नमध्ये रेफ्युजी लीगल किंवा असायलम सीकर रिसोर्स सेंटर, नाहीतर राज्याच्या लीगल एडकडे विचारा. नोंदणीकृत मायग्रेशन एजंट वकील नसेल तर कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाही. "मी कोर्टाचं सगळं बघतो" म्हणून रोख पैसे घेणाऱ्यापासून लांब राहा. वकिलाने अर्ज दाखल केला तर त्याला यशाची वाजवी शक्यता आहे असं मानायला आधार असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि यश मिळण्याची वाजवी शक्यता नसताना खटला चालवायला लावला तर खर्च त्याच्यावर पडू शकतो. म्हणून चांगला वकील कधी कधी "नको" म्हणतो. तो सल्लाही पैसा वसूल ठरतो.

एजंटनेच फसवलं असेल तर? एसझेडएफडीई खटल्यात नोंदणी रद्द झालेल्या माणसाने वकील असल्याचं भासवून एका कुटुंबाला ट्रायब्युनलच्या सुनावणीला जाऊ नका असं सांगितलं. २००७ मध्ये हाय कोर्टाने म्हटलं की ही फसवणूक ट्रायब्युनलच्याच कामकाजावर झाली, आणि निर्णय रद्द झाला. एजंटचा निष्काळजीपणा किंवा वाईट सल्ला मात्र यात बसत नाही. फसवणूक ठोस पुराव्यानेच सिद्ध करावी लागते: पावत्या, व्हॉट्सॲप, बँकेचे व्यवहार.

ब्रिजिंग व्हिसा

कोर्टात अर्ज केला म्हणून देशात राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. अर्ज चालू असताना देशात राहू देणारा तात्पुरता व्हिसा म्हणजे ब्रिजिंग व्हिसा. त्यातला ब्रिजिंग व्हिसा ए ट्रायब्युनलच्या निर्णयानंतर ३५ दिवसांनी संपतो. कोर्टाचा शिक्का असलेली प्रत हातात आली की त्याच दिवशी नव्या ब्रिजिंग व्हिसाचा अर्ज करा. कोर्टात मुदतीत गेलात आणि जुना व्हिसा चालू असेल तर गोष्टी सोप्या असतात. उशीर झाला की बहुधा ब्रिजिंग व्हिसा ई वर यावं लागतं, आणि तिथून परत ए वर जाता येत नाही.

काम करण्याची परवानगी पुढे चालू राहील असं गृहीत धरू नका. नवा व्हिसा आला की व्हेव्होवर, म्हणजे व्हिसाची माहिती दाखवणाऱ्या सरकारी ऑनलाइन सेवेवर, अटी तपासा. ८१०१ दिसलं तर कामाला बंदी आहे. आर्थिक गरज दाखवून ती काढून घ्यायचा वेगळा अर्ज करावा लागतो. आणि आई आजारी आहे म्हणून ब्रिजिंग व्हिसा ए वर विमानात बसू नका. देश सोडला की तो संपतो. ज्या देशात धोका आहे म्हणालात तिथे जाऊन येणं दाव्यालाही मारक आहे.

दाखल केल्यापासून सुनावणीपर्यंत

मंत्र्यांचे वकील उत्तर देतात आणि कोर्ट बुक पाठवतात: पान क्रमांक घातलेला, ट्रायब्युनलसमोरच्या सगळ्या कागदांचा गठ्ठा. तो पानन् पान बघा. तुम्ही पाठवलेलं एखादं पत्र त्यात नसेल तर तोच तुमचा मुद्दा असू शकतो. तुम्हाला कधीच न दाखवलेलं गोपनीयतेचं प्रमाणपत्र (काही कागद उघड करू नयेत असं सांगणारं) सापडलं तर वकिलाला लगेच दाखवा. २०१९ च्या एसझेडएमटीए खटल्यात अशाच प्रमाणपत्रांचा प्रश्न होता.

कोर्ट तारखांचा आदेश देतं: सुधारित अर्ज कधी, उतारे कधी, लेखी युक्तिवाद कधी. त्यानंतर सुनावणीची वाट बघणं, जे कित्येकदा वर्षांत मोजावं लागतं. या काळात पत्ता किंवा ईमेल बदलली आणि कोर्टाला कळवलं नाही, तर तारीख चुकते आणि अर्ज गैरहजेरीत फेटाळला जातो. चांगलं ग्राउंड असलेले खटले असे बुडतात तेव्हा हळहळ वाटते.

सुनावणीत ट्रायब्युनलतर्फे सहसा कोणी वाद घालत नाही; समोर मंत्र्यांचा वकील असतो. आधी तुम्ही बोलता, मग ते, मग तुम्हाला उत्तराची संधी. न्यायाधीशांना "युअर ऑनर" म्हणायचं. दुभाषी हवा असेल तर कोर्टाला आधी कळवा, मराठीच मागा. पंधरा मिनिटांत सांगता येईल एवढंच लिहून न्या: ग्राउंड, कोर्ट बुकचं पान, निर्णयाचा परिच्छेद. गावातली सगळी हकीकत पुन्हा सांगायला लागलात तर न्यायाधीश सौम्यपणे थांबवतील, आणि मंत्र्यांच्या वकिलाला काही बोलायची गरजच उरणार नाही.

हरलात, जिंकलात

हरलात तर समोरच्या बाजूचा खर्च तुमच्यावर येतो. पूर्ण सुनावणीनंतर ठरीव दर अलीकडच्या वर्षांत आठ हजार डॉलरच्या आसपास आहे. ते सरकारचं देणं ठरतं आणि पुढच्या व्हिसा अर्जांत आडवं येतं. हप्ते ठरवता येतात. कोर्ट बुक वाचून मुद्दा उरला नाही असं दिसलं तर लवकर अर्ज मागे घ्या, खर्च कमी पडतो. फक्त कामाचे दिवस वाढावेत म्हणून खटला चालू ठेवणाऱ्यांना शेवटी हे बिल बहुधा कमाईपेक्षा जड जातं.

फेडरल कोर्टात अपील करायला निकालापासून २८ दिवस असतात. तिथे खालच्या न्यायाधीशाने चूक केली का एवढाच प्रश्न असतो. नवं ग्राउंड मांडायचं तर परवानगी लागते. दुसरा प्रोटेक्शन व्हिसाचा अर्ज मात्र कलम ४८ए मुळे करता येत नाही, मंत्र्यांनी स्वतः तो अडसर काढल्याशिवाय.

जिंकलात तर निर्णय रद्द होतो आणि प्रकरण ट्रायब्युनलकडे परत जातं, सहसा वेगळ्या सदस्यासमोर. व्हिसा अजून हातात नसतो. पण आता नवे पुरावे चालतात: कोर्टाने बघितला नसता तो धमकीचा मेसेज, नवी एफआयआर, डॉक्टरचा अहवाल. कोर्टाचा आदेश आला की लगेच ते गोळा करायला लागा, देशाची ताजी परिस्थितीही जोडा, आणि सुनावणीच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात पुन्हा एकदा मराठी लिहा.